सतरा जानेवारीचा वारा

पुलाच्या पायथ्याशी सिग्नल हिरवा झाला, रिनुसचा डावा हात आपोआप हँडलवरून उचलला गेला, बाजूला गेला, आणि तिथं कोणीच नव्हतं. झालं ते एवढंच. पण वाऱ्याला तेवढं पुरलं. उजवीकडून असा सणसणीत झपाटा आला की सायकल डावीकडे वाकडी धावली, पॅडल कठड्याला खरवडलं, आणि मागून येणारी एक बाई "अहो, झोपेत आहात का?" म्हणून खेकसत पुढे निघून गेली. रिनुसनं हात परत हँडलवर आणून घट्ट दाबून धरला. मूर्ख हात. अकरा दिवस झाले तरी याला अजून कळलेलं नाही. एकोणीस हिवाळे हा हात इथं, या सिग्नलपासून, बायकोच्या, योकेच्या पाठीवर असायचा. वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे समोरून आणि उजवीकडून. म्हणून रिनुस उजवीकडे, योके त्याच्या आडोशाला, आणि तिच्या दोन खांद्यांच्या मधोमध त्याचा डावा तळवा. ढकलायचं म्हणजे जोर लावून नव्हे. नुसता हात टेकवायचा आणि स्वतः पॅडल मारत राहायचं. रॉटरडॅममध्ये नवरे बायकांना असे ढकलतात, बाप पोरींना ढकलतात, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. रिनुसलाही कधी वाटलं नव्हतं. आता त्या रिकाम्या हातमोज्यात बोटं गार पडत होती आणि त्याला फार विशेष वाटत होतं.

सकाळचे साडेसात वाजत होते, उजाडायला अजून तासभर अवकाश होता. रेडिओवर सकाळपासून नारिंगी इशारा, नारिंगी इशारा असा घोष चालला होता. ट्राम बंद, नदीतल्या बोटी बंद, झाडाखाली उभे राहू नका. सायकलवाल्यांना कोण काय सांगणार? ते निघालेच होते, डोकी हँडलवर घालून, एकामागोमाग एक, पुढच्याच्या आडोशानं. दिव्याच्या खांबांवरून पाणी आडवं उडत होतं. एक समुद्रपक्षी पंख मारत मारत मागे मागे जात होता आणि त्याचा चेहरा अगदी कचेरीला उशीर झालेल्या माणसाचा. रिनुसला हसू आलं. मग हसू आल्याचं नवल वाटलं, कारण आजचा दिवस हसायचा नव्हता. आज सतरा जानेवारी. आज हे काय ते मिटणार, नाहीतर कायमचं राहणार. पुलापलीकडे रस्ता फुटतो. योके डावीकडे इस्पितळाकडे जाते, दिवसभर लोकांचं रक्त तपासायला. तो उजवीकडे बांधावरून पंपघराकडे, साचलेलं पाणी उपसायला. आणि वादळाच्या दिवशी पंपघरात गेलेला माणूस उद्या सकाळशिवाय बाहेर येत नाही, तोपर्यंत अठरा तारीख. फोनवर हे बोलता येणार नव्हतं. तिनं तो उचललाही नसता. म्हणजे जे काही आहे ते याच पुलावर, त्या फाट्याच्या आत. आणि ती आजही नेहमीपेक्षा दहा मिनिटं आधी निघालेली. दार ओढल्याचा आवाज त्यानं दाढी करता करता ऐकला होता, आणि अर्धी दाढी तशीच ठेवून तो निघाला होता.

चूक त्याचीच. चूक म्हणजे चूक, त्यात शंका नाही. संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला, इतर सगळ्यांच्या घरी असते तशी, त्यांच्याही घरी वाढदिवसांची दिनदर्शिका टांगलेली होती. तिच्यावर वार नसतात, साल नसतं, फक्त तारखा. एकदा नावं लिहिली की जन्मभर पुरते. बसल्या बसल्या माणूस वाचतो आणि कोणाचा वाढदिवस विसरत नाही. त्यांची पंचवीस वर्षांची. नोव्हेंबरात पाण्याची टाकी गळायला लागली, तिला बुरशी आली, पानं एकमेकांना चिकटली. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी रिनुसनं नवीन आणली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, चांगल्या पेनानं, अगदी शाळेतल्या अक्षरात सगळी नावं उतरवून काढली. योकेला बरं वाटेल म्हणून. बहिणीची, भाच्यांची, वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याची, दातांच्या डॉक्टरच्या बायकोचंसुद्धा. आणि पहिल्याच पानावर, सतरा तारखेला, पेन थांबलं. जुन्या पानावर तिथं योकेच्या अक्षरात लिहिलं होतं: ब्राम. सगळं झाल्यावर हे लिहू, असं म्हणून तो पुढे गेला. डिसेंबर संपवून परत आला. बसला. कॉफी गार झाली. मग त्यानं नवीन दिनदर्शिका तशीच खिळ्याला अडकवली, आणि जुनी, बुरशीचा वास येत होता म्हणून, रस्त्यावरच्या रद्दीच्या पेटीत टाकली. दुसऱ्या दिवशी गाडी येऊन पेटी रिकामी करून गेली.

योके संडासातून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा अगदी साधा होता. "दातांच्या डॉक्टरची बायको सव्वीस ऑगस्टची," ती म्हणाली. "तिचंसुद्धा लिहिलंस. छान." मग जरा थांबून, "जुनी कुठाय?" "टाकली," तो म्हणाला. "योके, मी काय सांगत होतो..." पण तिनं व्हॅक्यूम क्लीनर सुरू केला आणि सगळं घर झाडून काढलं, अगदी कपाटामागची जागासुद्धा, जिथं ती ईस्टरच्या साफसफाईशिवाय जात नाही. तेव्हापासून मीठ दे, कचरा उद्याचा आहे, दार लाव, एवढंच. आणि रोज सकाळी दहा मिनिटं आधी, एकटीच निघून जाणं.

ब्राम नऊ दिवस जगला. त्यानंतर त्यांना मूल झालं नाही. पहिल्या वर्षी लोक आले, हात हातात घेऊन बसले. दुसऱ्या वर्षी पत्रं आली. मग, माणसं चांगली असतात, कोणी तो विषय काढेना. पण वाढदिवस असला की या देशात नुसतं ज्याचा असेल त्याचं अभिनंदन करून भागत नाही. त्याच्या आईचं करायचं, बापाचं करायचं, तुमच्या मुलाबद्दल अभिनंदन, तुमच्या भाच्याबद्दल अभिनंदन, खोलीत जो बसला असेल त्याचा हात हलवत फिरायचं. योकेच्या वाट्याला ते कधी आलं नव्हतं. पुलावरनं एकत्र जायला लागले त्या पहिल्या हिवाळ्यात, सतरा जानेवारीलाच, पुलाच्या ऐन मध्यावर, जिथं पूल उचलणाऱ्या माणसाची काचेची केबिन आहे तिथं, ती एकदम न बघता म्हणाली होती, "अभिनंदन, रिन." त्याला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "तुझंही," तो म्हणाला होता. एवढंच, सायकली थांबल्यासुद्धा नाहीत. त्यानंतर दर वर्षी. घरी कधी नाही, फक्त तिथं. एका वर्षी तिला ताप होता तर ताप घेऊन आली.

चढ सुरू झाला होता. पुलाचा चढ एरवी जाणवत नाही, आज मात्र नवीनच कोणीतरी रात्रीतून बांधल्यासारखा उभा होता. रिनुस सगळ्यात हलक्या गिअरवर येऊन पॅडलवर उभा राहिला. मांड्या पेटल्या. खालून नदी ओरडत होती, वर तारा ओरडत होत्या, तोंडात मीठ येत होतं, समुद्र तीस किलोमीटर दूर असून. छप्पन्नाव्या वर्षी हे करायचं म्हणजे वेडेपणा. पण काय मजा येत होती! लाज वाटावी इतकी मजा येत होती. आणि तेवढ्यात त्याला दिसला, दोन दिव्यांच्या मधल्या अंधारातून दिव्याखाली येताना, पिवळा रेनकोट. योकेचा पिवळा रेनकोट, पाठीवर ती चंदेरी पट्टी, वाऱ्यानं फुगलेला, आणि तो कोट घालून कोणीतरी इंचाइंचानं वर चाललेलं. दीडशे मीटर. फार तर दोनशे.

पाठीवर हात टेकवायचा. झटकला तर झटकला. पण झटकला तर? मग तो मागं राहील, ती फाट्यावर डावीकडे वळेल, आणि बस्स, पुढच्या वर्षापासून सतरा जानेवारी ही एक तारीख होईल, कचऱ्याच्या गाडीच्या वगैरे तारखा असतात तशी. तो विचार आला आणि पायात कुठून जोर आला कोण जाणे. त्यानं आधी ती खेकसणारी बाई गाठली, मागं टाकली. "जागे झालात वाटतं!" ती ओरडली. केबिन जवळ येत होती, तिचा पिवळा दिवा पावसात पसरला होता, आणि केबिनीच्या आडोशाआड पिवळा कोट एकदम दिसेनासा झाला. पडली की काय? मग, अर्धा मिनिट गेल्यावर, कोट पलीकडून पुन्हा बाहेर आला, डगमगला, सरळ झाला. आहे! चालली आहे! त्यानं डोकं खाली घातलं, नजर पुढच्या चाकावर ठेवली आणि जीव खाऊन निघाला. केबिनीवरून जाताना मनात आलं, हीच ती जागा, गेली; जाऊ दे, जागेचं काय एवढं, माणूस पुढं आहे. कोणीतरी काहीतरी ओरडलं असं वाटलं. वाराच सगळं ओरडत होता.

आणि मग तो तिच्या उजवीकडे आला, आणि हात टेकवला.

तिनं झटकला नाही. देवा, तिनं झटकला नाही! उलट पाठ किंचित मागं रेलली, ओझं त्याच्या तळव्यावर आलं, आणि दोन्ही सायकली मिळून सरळ चालायला लागल्या. रिनुसच्या डोळ्यांत पाणी आलं. पाऊसच इतका होता की त्याचं त्यालाही कळलं नसतं, पण ते गरम होतं. पाठ जरा रुंद वाटली. अकरा दिवसांत माणूस जाड होतं का? वाऱ्यानं कोट फुगलाय, दुसरं काय. आता उतार लागला होता, पण आज उताराला काही अर्थ नव्हता, उतरतानाही पॅडल मारावं लागत होतं. तिची टोपी खाली घातलेली, चेहरा दिसत नव्हता, आणि तेच बरं होतं. "अभिनंदन!" तो ओरडला. "आपल्या ब्रामबद्दल अभिनंदन!" टोपी हलली. मग त्याचं तोंड सुटलं. अकरा दिवस, नाही, चोवीस वर्षं जे आत कुठंतरी अडकलं होतं ते वाऱ्यात मोठमोठ्यानं बाहेर यायला लागलं, आणि ते ऐकताना त्यालाही नवीन होतं. "मी विसरलो नव्हतो! ऐकतेस ना? तुला वाटलं मी विसरलो! जुन्या पानावरचं नाव तू तो जन्मला त्या दिवशी लिहिलं होतंस! जिवंत पोराचं नाव होतं ते! पलंगावर बसून, गुडघ्यावर धरून लिहिलंस, मुलगा झाला म्हणून वाटायच्या बडीशेपेच्या निळ्या गोळ्या सांडल्या होत्या सगळ्या चादरीवर! मी आता लिहिलं असतं तर ते मेलेल्याचं नाव झालं असतं! माझा हातच चालेना, योके! आणि ती जुनी मी टाकायला नको होती! गाढव आहे मी! कळतंय मला! गाढव!" तो रडत होता, ओरडत होता, पॅडल मारत होता, आणि त्याला गेल्या कित्येक वर्षांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

पूल संपला, बांधाचा आडोसा आला, वारा एकदम डोक्यावरून जायला लागला. फाट्यापाशी तिनं ब्रेक लावला, पाय टेकला आणि टोपी मागं सारली. साठीच्या पुढची, लालबुंद गालांची, चष्म्यावर धुकं चढलेली एक बाई. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिचा खालचा ओठ थरथरत होता.

"साहेब," ती धापा टाकत म्हणाली, "ढकललंत, फार उपकार झाले. आमच्या घरात मला कोणी ढकलत नाही. पण मी योके नाही हो."

रिनुसचा हात अजून हवेतच होता.

"मला मधेच सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "तोंडही उघडलं होतं मी. पण तुम्ही असं काही सांगायला लागलात की मला थांबवेना. आणि खरं सांगू, तुम्ही हात काढला असतात तर मी पडलेच असते." तिनं चष्मा काढला, पुसायला कोरडं काही सापडेना, तसाच परत घातला. "योके म्हणजे निळ्या कोटातली का? उंच? इस्पितळाचा बिल्ला असलेला कोट?"

"तिचा कोट पिवळा आहे," रिनुस म्हणाला.

"मग तिनं आज निळा घातलाय. केबिनीच्या आडोशाला उभी आहे. मी दम खायला तिथं थांबले होते, म्हटलं पंक्चर झालंय का? तर म्हणाली, नाही, नवऱ्याची वाट बघतेय, पाच मिनिटं झाली, येईलच." बाईनं त्याच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "आलात की तुम्ही. तिच्या नाकासमोरून गेलात. आता उभे काय राहिलात? जा ना!"

कोट निळा का, हे त्याला ठाऊक नव्हतं. पिवळ्याची चेन तुटली असेल, काही झालं असेल. बोलणं असतं तर जेवताना कळलं असतं. या विचारानं त्याला इतकं लागलं की त्यानं बाईचे नीट आभारही मानले नाहीत. सायकल फिरवली आणि पुलावर घातली, आणि मग वाऱ्यानं त्याला मागून उचललं. पॅडल मारायची गरजच नव्हती. एवढा चढ, आणि सायकल नुसती वर निघाली होती, चाकं गुणगुणत होती, पाऊस आता त्याच्याबरोबर धावत होता, त्यामुळे लागतही नव्हता. खिशात फोन वाजायला लागला. पंपघर, दुसरं कोण. वाजू दे. समोरून येणारे सगळे वाकलेले, दात-ओठ खाणारे, आणि त्यांच्यातून हा अर्धी दाढी केलेला माणूस ताठ बसून उलटा उडत चाललेला. ती वाट बघत होती. दहा मिनिटं आधी निघून ती तिथं उभी राहिली होती, त्या वाऱ्यात, त्याच जागी! रिनुस ओरडला. शब्द वगैरे काही नव्हता त्यात, नुसता ओरडला. त्याला ब्रेक लावायचीसुद्धा आठवण उशिरा झाली आणि तो केबिनीच्या पुढं दहा पावलं जाऊन कठड्याला धरून थांबला.

योके सायकल अंगाला टेकवून भिंतीला पाठ लावून उभी होती. ओठ निळे पडले होते. "डोळे कुठं आहेत तुझे?" ती म्हणाली. "मी तीनदा हाक मारली. तीनदा! बैलासारखा मान खाली घालून गेलास."

"मला वाटलं ती तू आहेस."

"ती? अरे, ती माझ्या दुप्पट आहे!"

"मलाही वाटलं, जरा रुंद..." तो म्हणाला, आणि योकेच्या तोंडावर काहीतरी हललं, पण तिनं ते आवरलं. मग त्याला ते सगळं पुन्हा सांगायचं होतं. मघाशी सोपं होतं, वाऱ्यात, एका पाठीकडे बघून. आता तिचे डोळे समोर होते, केबिनीच्या आडोशाला वाराही कमी होता, आणि ओरडून भागणार नव्हतं. त्यानं सांगितलं. पेन थांबलं ते, कॉफी गार झाली ते, जिवंत पोराचं नाव आणि मेलेल्याचं नाव, ते सगळं, अडखळत, निम्मे शब्द गिळत. तुला रोज ते बघावं लागू नये असंही वाटलं, असं शेवटी म्हणाला, आणि म्हणता म्हणताच कळलं की हे म्हणायला नको होतं.

योकेनं तोंड नदीकडे वळवलं. "वर्षातून एक दिवस मी आई असते, रिन," ती म्हणाली. "बाकीचे दिवस मी कोणाची आई आहे हे कोणाला ठाऊक नाही. तू तोच एक दिवस कोरा ठेवलास. आणि माझं अक्षर कचऱ्यात टाकलंस. ते आता परत येणार नाही."

"नाही येणार," तो म्हणाला.

"माफ केलं असं मी म्हणत नाहीये. आज तरी नाही."

"बरं."

समजूत घालावी, काही बोलावं असं त्याला पहिल्यांदाच वाटलं नाही. मग तो म्हणाला, "अभिनंदन, योके." सायकली थांबलेल्या असताना, तिच्या डोळ्यांत बघून, असं त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं. तिची हनुवटी हलायला लागली. "तुझंही," ती म्हणाली, आणि मग तिनं, वाढदिवसाला आलेली माणसं एकमेकांना करतात तसं, त्याच्या गालाला गाल लावला, एकदा इकडे, एकदा तिकडे, पुन्हा इकडे. ओल्या टोप्या एकमेकींवर आपटल्या. "अर्धी दाढी केलीयस," ती म्हणाली. तो हसला आणि तिला धरूनच उभा राहिला.

वर केबिनीची खिडकी धाडकन उघडली. पूल सांभाळणारा माणूस, टकलू, स्वेटर घातलेला, कमरेपर्यंत बाहेर आला. "ओ! तुम्हा दोघांना कान आहेत का नाहीत? केव्हाचा ओरडतोय! लाल इशारा आलाय, पूल बंद करतोय मी! मिठ्या मारायला हीच जागा मिळाली का?"

रिनुस माफी मागायला तोंड उघडणार, तोच योकेनं मान वर केली. "आमच्या मुलाचा वाढदिवस आहे आज!" ती त्या वाऱ्यात, सगळ्या अंगाचा जोर लावून ओरडली. रिनुसनं तिचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. चोवीस वर्षांत तिनं हे कोणाही तिसऱ्या माणसाला सांगितलं नव्हतं.

तो माणूस खिडकीत थबकला. पाऊस त्याच्या टकलावर पडत होता. "कितवा?"

"चोविसावा!"

"अरे वा!" तो म्हणाला. "एवढा मोठा! मग अभिनंदन, बाई! तुमचंही अभिनंदन, साहेब! आणि पोराला सांगा माझ्याकडून!" त्यानं हात वर करून हलवला. "आता उतरा बघू खाली, माझी नोकरी घालवाल!" आणि खिडकी लागली.

योके त्या बंद खिडकीकडे बघत उभी राहिली, तोंड पुसायचंही तिला सुचलं नाही. "ऐकलंस?" ती म्हणाली. "पोराला सांगा म्हणाला."

"ऐकलं," रिनुस म्हणाला.

"आभारी आहोत!" ती काचेकडे ओरडली. आतल्या माणसाला ते ऐकू गेलं नाही. म्हणून ती पुन्हा ओरडली.